दोन्हीकडून घ्या, पण दोघांसमोर घ्या

दलालाला शिव्या देणं सोपं असतं. पैसे पडत नाहीत आणि टाळ्या मिळतात. प्रचारसभेत, शेतकरी मेळाव्यात, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा 'मधले लोक खातात' म्हटलं की चार माना डोलतात. मला ते जमत नाही, कारण माझी चूल मधल्या लोकांवरच पेटते. खालापूर तालुक्यात सावरोली-खारपाडा रस्त्याच्या पट्ट्यात आमचं कुंभिवली. रस्त्याला कारखाने, गोदामं आणि कंटेनरची रांग. आत वळलं की भाताची खाचरं, आणि हल्ली खाचरांच्या मधोमध निळ्या पाण्याचे हौद बांधलेले बंगले. आमच्याकडे बंगला नाही. घरामागच्या वाडीत तीन खोल्या काढल्या आहेत, शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं राहायला येतात. ती मला ओळखत नाहीत, मी त्यांना ओळखत नाही. गाठ घालून देतं मोबाईलमधलं एक ॲप, आणि गाठ घालून दिल्याचे पैसे घेतं. घ्यावेत. माझं भांडण त्या पैशांशी नाही.

माझे धाकटे दीर जमिनीचे व्यवहार करतात. २०१३ मध्ये विमानतळाभोवतीचा 'नैना'चा पट्टा जाहीर झाला तेव्हापासून त्यांच्या मोटारसायकलीला विसावा नाही. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, पनवेल-कर्जत लोकलचा नवा मार्ग चौकवरून जातोय. अशी एकेक बातमी आली की आमच्या रस्त्याला पांढऱ्या मोटारी वाढतात आणि काच खाली करून विचारतात, इकडे जागा मिळेल का? उत्तर द्यायला भावजी हजर असतात. परवा मीच त्यांना विचारलं.

'भावजी, त्या ठाण्याच्या पार्टीला एकराचे किती सांगितलेत?'

'पार्टीला परवडतील तेवढे, वहिनी.'

'आणि मालकाला?'

'मालकाला पटतील तेवढे.'

हसले आणि चहा पिऊन गेले. पण सगळा धंदा त्या दोन उत्तरांच्या मधे आहे. दोन टक्के इकडून, दोन टक्के तिकडून हा रिवाज सगळ्यांना माहीत असतो, त्याबद्दल कोणाची तक्रारही नसते. खरी कमाई असते ती मालकाच्या आकड्यात आणि घेणाऱ्याच्या आकड्यात जो फरक राहतो त्याची. एका व्यवहाराला चार-पाच जण चिकटले की साखळी होते आणि प्रत्येक जण आपला आकडा वर चढवतो. मालक आणि घेणारा पहिल्यांदा समोरासमोर येतात ते पुष्कळदा दुय्यम निबंधकाच्या कचेरीत, अंगठे-सह्यांच्या वेळी. तिथे दोघांच्याही शेजारी दलाल उभा असतो आणि बोलायला सवड नसते.

म्हणून भावजी बिनकामाचे आहेत, असं मात्र कोणी समजू नये. सातबाऱ्यावर वारलेल्या आजोबांचं नाव तसंच राहिलेलं असतं. वारस सात, त्यातले तीन डोंबिवलीला, एक सुरतेला. बहिणींची हक्कसोडपत्रं झालेली नसतात. इतर हक्कात जुन्या कुळाचं नाव निघतं, बांधावरून चुलत्याशी बोलणं बंद असतं. घेणारा शेतकरी आहे का, हे कूळ कायद्याच्या कलम ६३ साठी बघावं लागतं. जमीन आदिवासीची असेल तर सरकारी परवानगीशिवाय तिला हात लावता येत नाही. हे सगळं निस्तरायचं काम मुंबईच्या माणसाने स्वतः करायचं ठरवलं तर तो दुसऱ्या दिवशी लोणावळ्यात फ्लॅट घेईल. भावजींच्या त्या हेलपाट्यांना मोल आहे. फक्त ते मोल किती, हे एकट्या भावजींनाच माहीत असतं.

असे दोन वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना जोडून देणारे धंदे कसे चालतात, याचा हिशोब फ्रान्सच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी मांडला आहे. जाँ-शार्ल रोशे आणि जाँ तिरोल यांचा यावरचा गाजलेला निबंध २००३ चा. तिरोल यांना २०१४ मध्ये नोबेलही मिळालं. गणितं बाजूला ठेवली तर मुद्दा कळायला सोपा आहे. अशा धंद्यात एकूण किती घेतलं याइतकंच, ते कोणाकडून किती घेतलं याला महत्त्व असतं. तुम्ही वाचताय त्या वर्तमानपत्राचंच बघा. कागद, छपाई आणि वाटपाचा खर्च अंकाच्या किमतीत भागत नाही, उरलेला जाहिरातदार भरतो. वाचक नसला तर जाहिरातदार येणार नाही, म्हणून वाचकाला स्वस्तात बोलवायचं. वडापावच्या गाडीवरच्या क्यूआर कोडचंही तसंच. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयच्या व्यवहारावर जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून टक्केवारी घेता येत नाही. मग पैसे आल्याचं ओरडून सांगणारी जी डबी गाडीवर असते, तिचं दरमहा भाडं लागतं. कुठून ना कुठून निघतंच.

तर कोणाकडून काढायचं? ज्याला दुसरीकडे जायला वाट आहे त्याला सवलत, आणि ज्याला नाही त्याच्याकडून वसुली. ही गोष्ट मला कुठल्या निबंधाने शिकवली नाही, ठाण्याच्या एका पाहुणीने शिकवली.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. नवरा-बायको, दोन मुलं. रात्री तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, गावठी कोंबडीचा रस्सा असं जेवण झालं. जेवताना खूश होत्या बाई. सकाळी निघताना म्हणाल्या, 'काकू, जेवणाला तोड नाही हो. पण खोलीचे साडेतीन हजाराच्या वर म्हणजे जरा जास्तच होतात.' मी म्हटलं, 'कुठले साडेतीन?' मग ओट्यावर दोन मोबाईल शेजारी-शेजारी ठेवले. त्यांच्या पावतीवर ३,६४६ रुपये. माझ्या खात्यात २,३६० रुपये. खोलीचा दर मी लावला होता ३,००० रुपये.

त्यांचा मुलगा अकरावीत कॉमर्सला, त्याने तिथेच बेरीज-वजाबाकी केली. माझ्या तीन हजारांतून ॲपने १८ टक्के म्हणजे ५४० रुपये कापले, त्यावर जीएसटीचे ९७, आणि टीडीएसचे तीन. पाहुण्यांकडून खोलीच्या तीन हजारांवर जीएसटीचे १५०, शिवाय 'सेवा शुल्क' ४२०, आणि त्या शुल्कावर पुन्हा जीएसटी ७६. सरकारचं सरकारला गेलं, त्याबद्दल आत्ता बोलत नाही. उरले ९६० रुपये, ते मधल्याचे. तीन हजारांच्या खोलीमागे जवळजवळ एक तृतीयांश. मी कपडे-चादरी धुते, पोरगा गॅसचं सिलिंडर आणतो, लाइट गेली की जनरेटरला डिझेल घालतो, ते सगळं त्या २,३६० मध्ये.

पण मला झोंबला तो ९६० चा आकडा नव्हे. बाईंना वाटत होतं मी महाग आहे, मला वाटत होतं बाई उगाच घासाघीस करताहेत. आम्ही दोघी एकमेकींवर मनातल्या मनात चिडलो होतो, आणि त्याच वेळी ॲप आम्हा दोघींनाही आठवण करत होतं की कृपया समोरच्याला पाच चांदण्या द्या.

ॲपची बाजूही सांगते. ते येण्याआधी आमच्या खोल्यांवर पावसाळाभर कुलूप असायचं. खोपोलीच्या अलीकडे कुंभिवली नावाचं गाव आहे हे दादरच्या माणसाला कशाला माहीत असेल? ॲपवर आगाऊ पैसे भरलेले असतात, ओळखपत्र असतं, माणूस आला नाही तरी काही ना काही हातात पडतं. थेट फोनवर घेतलेल्या पाहुण्यांचा अनुभवही घेऊन झाला. 'फॅमिली आहे' म्हणून खोल्या घेतल्या आणि टेम्पोभर पोरं स्पीकर घेऊन उतरली. पहाटेपर्यंत आळी जागी, सकाळी विहिरीच्या कठड्यावर बाटल्यांची आरास. तेव्हा अनोळखी माणसाची हमी घेणारा कोणीतरी मधे असणं याची किंमत मला पक्की ठाऊक आहे.

ती हमीच खोटी निघाली तर सगळ्या गावाचं नुकसान होतं. आमच्या शेजारच्या कर्जत तालुक्यात माथेरानला हे घडून गेलं. दस्तुरी नाक्यावर उतरलेल्या पर्यटकांना मिनी ट्रेन बंद आहे, ई-रिक्षा मिळणार नाही असं सांगून घोड्यावर बसवतात, भलते पैसे घेतात, अशा तक्रारी वाढत गेल्या. शेवटी मार्च २०२५ मध्ये माथेरानच्या लोकांनीच गाव बेमुदत बंद ठेवायची हाक दिली. ज्या गावाचं पोट पर्यटकावर आहे त्याने स्वतः दार लावून घेतलं. सगळे घोडेवाले तसे नाहीत, पण नाक्यावर उभं राहून माहितीवर पडदा धरणारे चार जण पुरतात.

पडदा म्हटल्यावर आंब्याचा बाजार आठवतो. वाशीला हापूसचा सौदा रुमालाखाली होताना अनेकांनी पाहिला असेल. दोघांचे हात कापडाखाली, बोटं दाबून भाव ठरतो, आजूबाजूच्या कोणाला कळत नाही. पेटी ज्याची, तो बागायतदार तर देवगडला नाहीतर रत्नागिरीला बसलेला. बाजार समितीचा कायदा १९६३ पासून आहे, त्यात उघड लिलावाची अपेक्षा आहे, आणि रुमाल तरीही टिकला. मोबाईलची काच म्हणजे मला तोच रुमाल वाटतो. फरक एवढाच की आता कापडाखाली दोन्ही हात एकाच माणसाचे आहेत.

तरी जुन्या अडत्याकडे एक चीज होती. माझे सासरे काकडी, शिराळी, कारली मुंबईच्या बाजाराला धाडायचे. माल गेला की दोन-तीन दिवसांनी टेम्पोवाल्याच्या हाती पट्टी यायची. हातभर कागद. किती डाग, किती वजन, काय भाव. मग खाली अडत, हमाली, तोलाई, मोटारभाडं, एकेक कापत शेवटी उरलेला आकडा. सासरे ती पट्टी दिव्याखाली धरून वाचायचे आणि अडत्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. पण उद्धार करायला कागद होता. २०१६ मध्ये सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरवली. व्यापाऱ्यांनी बंद पुकारला. शेतकऱ्याला बरं वाटलं, वाटणारच. पण जो खरेदीदार अडत भरणार तो बोली लावताना ती वजा करूनच लावणार, हे कळायला तिरोलसाहेब लागत नाहीत. टक्केवारी कोणाच्या नावावर लिहिली याने फार फरक पडत नाही. समोरच्याकडून किती घेतलं हे दोघांना दिसलं, तर पडतो.

माझ्या हातात तरी मोबाईल आहे, तीन खोल्या आहेत, ॲप नको झालं तर पाटी लिहून रस्त्याला लावायची सोय आहे. कातकरवाडीत यातलं काही नाही. भाताची लावणी झाली की श्रावण-भादव्यात तिथे घरात दाणा नसतो. त्या दिवसांत मुकादम येतो आणि उचल देतो. किराणा, औषधपाणी, एखादं लग्न, सगळं त्या उचलीवर. दिवाळी झाली की टेम्पो येतो. नवरा-बायको, पोरं, कोंबड्या, भांडी, सगळं त्यात चढतं आणि वीटभट्टीवर जातं. मजुरी हजार विटांवर. आठवड्याला खर्चीपुरते पैसे, बाकी हिशोब पावसाच्या तोंडाला. त्या हिशोबात उचल वजा, खर्ची वजा, आजारपणाचे खाडे वजा. पुष्कळदा उलट देणंच निघतं, आणि ते पुढच्या हंगामाच्या उचलीत मिसळतं.

मुकादमाला भट्टीमालक हजार विटांमागे वेगळं काही देतो, हे वाडीत सगळ्यांना माहीत असतं. किती, हे कोणालाच नसतं. माझ्याकडे पावसाळ्यात खेकडे आणि कुर्डूची भाजी घेऊन येणारी बाई आहे, तिला एकदा विचारलं, 'अगं, मुकादमाला विचारत का नाहीस?' ती म्हणाली, 'ताई, त्याला इचारलं तं भादव्यात कोन देल?' कातकरी ही केंद्र सरकारने अतिअसुरक्षित म्हणून नोंदलेल्या महाराष्ट्रातल्या तीन जमातींपैकी एक. वेठबिगारी तर १९७६ च्या कायद्यानेच संपवली आहे. कायदा टेम्पोत चढत नाही. मुकादम, अडत्या, भावजी आणि ॲप यांच्यात फरक आहेच, तो मी पुसत नाही. ॲप कोणाच्या पोरांना शाळेतून उठवून भट्टीवर नेत नाही. पण चौघांचीही ताकद एकाच जागी आहे. दोन्ही बाजूंचा आकडा फक्त त्यांना ठाऊक.

वाट बंद करणं ही या धंद्यातली पुढची पायरी. खोली ॲपवर टाकताना मान्य कराव्या लागलेल्या अटींत एक अशी होती की दुसरीकडे कुठेही यापेक्षा कमी दर लावायचा नाही. म्हणजे ठाण्याच्या त्या बाईंना मी 'पुढच्या खेपेला थेट फोन करा, २,८०० ला देते' म्हटलं तर मीच नियम मोडणारी. दोघींचा फायदा असून दोघींना मनाई. असल्याच प्रकारच्या अटी मोठ्या हॉटेलांवर लादल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३ कोटी ४८ लाख रुपयांचा दंड ठोठावला. प्रतिस्पर्धी साखळ्यांची हॉटेलं त्यांच्या यादीतून काढल्याच्या प्रकरणात ओयोलाही १६८ कोटी ८८ लाखांचा दंड झाला. तो लढा मोठ्यांनी मोठ्यांशी लढला. तीन खोल्यांच्या बाईने दिल्लीला जाऊन आयोगापुढे उभं राहायचं म्हणजे भाड्याचे पैसे कोण देणार?

म्हणून माझं मागणं छोटं आहे. दलाली बंद करा, असं मी म्हणत नाही. तिला टक्केवारीची मर्यादा घाला, असंही पहिल्या झटक्यात म्हणत नाही. मर्यादा घातली की दुसऱ्या नावाने शुल्क निघतं, हे डबीच्या भाड्यात दिसलंच. पावती एक करा, एवढंच म्हणते. पाहुण्याच्या पावतीवर त्याने दिलेली रक्कम आणि त्याखाली यजमानाच्या हाती पडलेली रक्कम. माझ्या खात्याच्या तपशिलात माझी रक्कम आणि त्याच्या वर पाहुण्याने भरलेली. दोघींच्या मोबाईलवर तोच कागद.

हे अशक्य नाही. ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम २०२० चे आहेत, त्यांत ग्राहकाला एकूण किमतीची फोड दाखवायला सांगितलं आहे. फक्त ती फोड ग्राहकाच्या बाजूची असते, विकणाऱ्याच्या हाती काय पडलं ते तिच्यात नसतं. टॅक्सीच्या ॲपसाठी केंद्राने २०२० मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या आणि भाड्याचा किमान ८० टक्के भाग चालकाला मिळावा असं म्हटलं. टॅक्सीवाल्याचा विचार झाला, मग खोलीवालीचा आणि डबेवालीचा का नाही? घरांच्या दलालांना महारेराकडे नोंदणी करावी लागते, हल्ली परीक्षाही द्यावी लागते. पण ते झालं बांधकामाच्या प्रकल्पांपुरतं. सातबाऱ्यावरच्या नुसत्या शेतजमिनीचा व्यवहार जुळवणाऱ्याला ना नोंदणी, ना परीक्षा. खालापूर-कर्जतमध्ये गेल्या दहा-बारा वर्षांत शेतजमीन विकलेल्या माणसाला विचारा, तुझी जमीन शेवटी कितीला गेली? तो स्वतःला मिळालेला आकडा सांगेल. घेणाऱ्याने मोजलेला आकडा त्याला आजही ठाऊक नसतो. साठेकरारात दलालाचं नाव आणि त्याने दोन्हीकडून घेतलेली रक्कम लिहिणं सक्तीचं केलं, तर भावजी महिनाभर माझ्याशी बोलणार नाहीत. चालेल.

मीही मधलीच आहे, हे लपवत नाही. तीनही खोल्या भरल्या की एवढ्या भाकऱ्या माझ्याच्याने होत नाहीत. आळीतल्या दोघीजणी भाकरी आणि रस्सा करून देतात. थाळीचे पाहुण्यांकडून २८० रुपये घेते, त्यातले ४० माझे, बाकी ज्या बाईने केलं तिचे. ओट्यावरच्या फळ्यावर खडूने तसंच लिहिलेलं असतं, पाहुण्यांनाही दिसतं आणि बायकांनाही. एकदा एका पाहुण्याने विचारलं की चाळीस कशाचे? मी म्हटलं, तुम्हाला शोधून आणल्याचे, ताटं घासल्याचे आणि तुम्ही पैसे न देता गेलात तर मी तिला देणार त्याचे. पटलं त्यांना. न पटणारेही असतात, ते चाळीस कमी करा म्हणतात आणि मी नाही म्हणते. फळ्यावर लिहिलं म्हणून माझा धंदा बसलेला नाही.

येत्या शनिवारी कर्जतला, खालापूरला, अलिबागला कुठेही राहायला गेलात, तर सकाळच्या चहाला यजमानाला एवढं विचारा, 'आम्ही इतके भरले, तुमच्या हातात किती पडले?' दोन्ही आकडे एका कागदावर लिहा आणि फोटो काढून त्याच ॲपवर, चांदण्यांच्या खाली, शेऱ्यात टाका. चांदण्या चार दिल्यात तरी हरकत नाही.